रिकाम्या टोपलीचा वाटा

पोरांनो, गोष्ट सांगायची मला काही हौस नाही. कंबर धरलीय. पण तुमच्या बाई हटत नाहीत, शाळेच्या अंकाला एक लिहाच म्हणतात. तर गुमान वाचा.

एका जंगलाच्या कडेला एक म्हातारं साळिंदर शेती करून राहत असे. माती उकरून उकरून त्याचे पंजे झिजले होते. एकट्यानं शेत ओढवेना, तेव्हा पेरणीआधी त्यानं ससा, माकड आणि भेकर यांना बोलावलं. "आत्ता खोदायला हात लावा, शेणखत आणा. मग दर आठवड्याला जे निघेल ते टोपल्यांत वाटून घेऊ. नाही निघालं, तर तेही वाटून घेऊ." शेवटचं वाक्य कुणी मनावर घेतलं नाही. सगळ्यांचा जीव रताळ्यांत.

आधी काकड्या आल्या, तेव्हा माकड साळिंदराचे पाय चेपायला निघालं होतं. मग कारली लागली. दर टोपलीत कारलीच. "म्हातारबा, आम्ही काय आजारी आहोत?" असं म्हणून माकडानं टोपली तिथंच टाकली. ससा न्यायचा आणि वाटेत ओतून द्यायचा. भेकर तेवढं बसून खायचं. "कडू आहे," ते म्हणायचं, "पण हा वाफा मीच खोदलाय."

रताळी काढायला आली आणि आदल्याच दिवशी रानडुकरं घुसली. मागं राहिले नुसते खड्डे. साळिंदर बांधावर बसलं ते बसलंच. बास झालं आता, त्याला वाटलं, पुढचं बी पाखरांना टाकावं आणि बिळात पडून राहावं.

"माझी रताळी?" ससा आला.

"डुकरांनी खाल्ली."

"मग मी खोदलं ते फुकटच?"

माकड झाडावरूनच म्हणालं, "तरी सांगत होतो, या लबाडाच्या नादी लागू नका." दोघं निघून गेले.

मग भेकर आलं. त्यानंही टोपली पुढं केली.

"काही नाही रे," साळिंदर म्हणालं.

"दिसतंय ना. त्या नाहीतला माझा वाटा घ्यायला आलोय. अर्धे खड्डे मी बुजवतो. बी कुठं ठेवलंय?"

 साळिंदर कण्हत उठलं आणि बी काढून आणलं.

तात्पर्य : भरल्या टोपलीत वाटा हवा असेल, तर रिकामी टोपलीही उचलावी. कळलं? मग हे घरी मोठ्यानं वाचा, वरच्या आळीपर्यंत ऐकू जाऊ दे. गारपिटीच्या साली माझ्या शेताच्या टोपल्याही रिकाम्या राहिल्या, तेव्हा मला लबाड म्हणून गेलेला एकजण अजून माफी मागायला आलेला नाही. केरबा ढमढेरे.