लाल वायर कुठे जोडली होती

एकदा एका तरुणाने आपल्या दिवंगत वडिलांचा रेडिओ उघडला आणि त्यातले दोन ट्रान्झिस्टर काढून घेतले. तो गिटार वाजवीत असे आणि त्याला फझ पेडल बनवायचे होते; म्हणजे पायाने दाबताच गिटारचा गोड स्वर मुद्दाम खरखरीत करणारी पत्र्याची डबी. स्वच्छ स्वर माणसे एवढ्या कष्टाने का बिघडवतात, हे हौशी माणसाला विचारू नये. त्यासाठी जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर लागतात आणि ते आता सहजी मिळत नाहीत. आई एवढेच म्हणाली, "काढ. नाहीतरी तो मुकाच झालाय. पण त्याला परत बोलता कर हो." त्याने तसा शब्द दिला.

डबी तयार झाली, पण बोलेना. संध्याकाळी सहाला कार्यक्रम होता, आई पहिल्यांदाच ऐकायला येणार होती, आणि दुपारचे तीन वाजले तरी पेडल दाबले की गिटार चिडीचूप. त्याने सोल्डरिंग आयर्न तापवून एकेक जोड उकलला आणि पुन्हा जोडला. एकदा, दोनदा, पाचदा. जर्मेनियमला ताप सोसत नाही, हे तो शिकलेला होता. हे दोन जळाले, तर वडिलांचा रेडिओही गेला आणि आईला दिलेला शब्दही गेला. तरी हात थांबेनात. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करीत राहण्याचाच आधार वाटतो.

अखेर डबी आणि आयर्न पिशवीत कोंबून तो मास्तरांकडे धावला. वृद्ध मास्तर आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करीत आले होते आणि हे काम त्यांनीच त्याला शिकवले होते. त्यांनी भिंगातून डबी न्याहाळली.

"हे दोन कुठून आणलेस?"

"बाबांच्या रेडिओतून."

"तो रेडिओ घेऊन ये."

"मास्तर, त्यात आता काही उरलं नाहीये. आणि सहाला कार्यक्रम आहे!"

"म्हणून तर लवकर जा. आयर्न इथेच राहू दे."

म्हातारपणी मास्तरांचे काहीतरी बिनसले असावे, असे मनाशी म्हणत त्याने सायकल हाणली. घरी आई कार्यक्रमाला नेसायची साडी काढून बसली होती. "लागला का रे?" तिने विचारले. "लागेल," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता रेडिओ उचलून निघाला. रस्ताभर त्याला स्वतःची लाज वाटत होती.

मास्तरांनी रेडिओचे मागचे झाकण काढले. "सेलच्या खणातून दोन वायरी निघतात. लाल कुठे गेलीय, बघ."

त्याने बोट ठेवून माग काढला. लाल वायर थेट पत्र्याच्या बॉडीला जोडलेली होती. "ही तर कुणीतरी चुकून उलटी जोडलीये."

"चुकून? तीस वर्षं वाजला तो."

तरुणाने पुन्हा लाल वायरीवर बोट फिरवून पाहिले.

"काळी वायर बॉडीला, हे पहिल्या दिवशी मीच तुला सांगितलं," मास्तर म्हणाले. "हल्लीच्या बहुतेक वस्तूंना ते लागू आहे. या जुन्या जोडीचं तसं नाही. अधिकाचं, म्हणजे लाल वायरीचं टोक बॉडीला असलं तरच ही बोलते. तू आपल्या सवयीने काळी जोडलीस आणि बोलत नाहीत म्हणून त्यांना पाच वेळा भाजलंस. आपल्या रीतीत कुणी बसलं नाही की आपण त्याच्यातच खोट शोधतो. ज्या घरातून तू त्यांना आणलंस, तिथे ते कसे राहत होते, एवढं आधी बघायचं होतंस. अर्धाच नियम शिकवला, ही चूक मात्र माझी."

"जळाले असतील का हो?"

"ते आता कळेल."

मास्तरांनी बॅटरीच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि उलट्या विजेने बिघडलेला एक कपॅसिटर बदलला. ट्रान्झिस्टरला त्यांनी हात लावला नाही. तरुणाने गिटार जोडली. त्याने डोळे मिटून पेडल दाबले, आणि टेबलावरचे स्क्रू हलतील एवढ्या जोराने ती डबी गरजली. त्याला तिथेच रडू आले.

संध्याकाळी रंगमंचावर एका मित्राने अडॅप्टरचे टोक पुढे केले. "सगळ्यांची पेडल यावरच आहेत, तुझंही लाव."

"नको. याच्या वायरी उलट्या, याची बॅटरी वेगळी," तो म्हणाला. मित्राला तो हट्टीपणा वाटला.

कार्यक्रम संपल्यावर त्याने आईला सारे सांगितले. दुपारी तिच्याकडे न बघता 'लागेल' म्हटले होते, तेही. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला मगाशीच कळलं, तो लागला म्हणून. सकाळी स्टेशन सापडायच्या आधी बाबांचा रेडिओ अगदी अशीच खरखर करायचा. तुझे बाबा म्हणायचे, थांब जरा, त्याला त्याचं सापडू दे."