चौथ्या चॅपेलमधला शिपाई

"मग जाळी कधी बसवायची, ब्रदर?"

पास्कोलने हे तिसऱ्यांदा विचारलं. ब्रदर इजिदोर चॅपेलच्या पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. टेकडीवर खिळा ठोकायचा तरी त्यांची परवानगी लागे.

वेदनामातेच्या या टेकडीवर नऊ चॅपेलं. प्रत्येकात प्रभूच्या दुःखाचा एकेक प्रसंग, माणसाएवढ्या मातीच्या पुतळ्यांनी मांडलेला. चौथ्यात प्रभू खांबाला बांधलेला, आणि समोर चाबूक उगारलेला शिपाई. प्रभू ब्रदरांच्या हातचा. शिपाई त्यांच्या शिष्याच्या, पास्कोलच्या.

उपवासकाळात भाविक टेकडी चढत, प्रभूच्या पायांना हात लावत आणि जाताना शिपायाचं तोंड ओरबाडत. किल्लीनं, केसांच्या पिनेनं, जे हाती येईल त्यानं. आजे-पणजे करत आले, तेच हेही करत. पास्कोलनं महिनोन् महिने खपून नाक-डोळे घडवायचे आणि लोकांनी एका शुक्रवारात त्यांची वाट लावायची!

"माझा शिपाई जिवंत वाटतो, म्हणूनच ना?" पास्कोल म्हणाला. स्वतःचं कौतुक करताना त्याने कधी हात आखडता घेतला नव्हता. "टेकडीवर त्याच्या तोडीचं काम नाही. तुमचा प्रभूसुद्धा..."

तो थांबला.

"बोल की," ब्रदर म्हणाले.

"...जाळी हवी."

ब्रदरांनी आणखी एक शेंग सोलली.

तेवढ्यात आतून खरवडल्याचा आवाज आला. पास्कोल धावला. म्हातारी कातरीनबाय टाचा उंचावून शिपायाच्या गालावर किल्ली ओढत होती. डोळ्यांना धार लागलेली.

"माझ्या देवाला मारतोस काय रे, मेल्या!"

कालच रंगवलेला गाल! पास्कोलचं डोकं फिरलं. त्याने तिचा हात हिसडला. किल्ली फरशीवर पडली. कोपऱ्यातली काठी कधी त्याच्या हातात आली आणि कधी वर गेली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

म्हातारी अंग चोरून प्रभूच्या खांबाला टेकली. डोळे गच्च मिटलेले. बघवत नव्हतं.

ब्रदर दारात येऊन उभे होते...

ते ओरडले नाहीत. पास्कोलची काठीही त्यांनी धरली नाही. वाकून किल्ली उचलली, म्हातारीच्या मुठीत ठेवली, आणि तिला खांद्याला धरून हलकेच पास्कोलकडे वळवलं.

"बाय, शिपाई इकडे आहे."