बुवांचं मत

"...ते राहू दे. 'मत' म्हणजे काय, तेवढं सांग," नरहरिबुवा म्हणाले.

बुवा आंधळे. टेकडीवरच्या मठात एकटे राहायचे. समोर बसलेला पद्मनाभ त्यांचा जुना शिष्य, आता तालुक्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवणारा. उद्या 'मताधिकार' या शब्दावर त्याचं व्याख्यान होतं, आणि ते आधी बुवांना ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं.

"मन् धातू, बुवा. मन् म्हणजे विचार करणं. माणूस विचार करून मनाशी ठरवतो, ते मत."

"आणि अधिकार?"

"शास्त्रात अधिकार म्हणजे पात्रता. ज्याला समज आहे, तो अधिकारी." पद्मनाभ रंगात आला होता. "कायद्याने तो सगळ्यांना दिला, आणि लोक मूळ अर्थच विसरले."

"असं..."

बुवांनी आपला हात पुढे केला.

"उजवा हात दे."

त्याच सकाळी पद्मनाभ बुवांना मतदानाला घेऊन गेला होता. आंधळ्या मतदाराला सोबती नेता येतो. बुवांनी कानात नाव सांगितलं होतं, बटण पद्मनाभने दाबलं होतं.

बुवांनी त्याचं मनगट धरलं. सकाळी मशीनपाशी धरलं होतं तसंच.

"मी सांगितलेलं नाव कितवं होतं?"

"...पहिलं. सगळ्यात वरचं."

"म्हणजे टेबलावरच्या मशीनवर हात पार पुढे, वरच्या टोकापर्यंत जायला हवा."

बुवांनी त्याचा हात लांबवला. मग सावकाश मागे घेतला. चांगला वीतभर.

"सकाळी एवढाच गेला होता."



"तो माणूस लायक नाही, बुवा. तुम्हाला पेपर वाचता येत नाही, म्हणून मी..."

बुवा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. पद्मनाभला स्वतःची विलक्षण लाज वाटली. समोरच्याला दिसत नव्हतं, तरी त्याने तोंड फिरवलं.

"चुकलो," तो म्हणाला. "तुमचं मत मी घेतलं. आता परतही देता येत नाही."

"नाही."

"...उद्या कुठल्या तोंडाने बोलू? जाऊ की नको? तुम्ही सांगाल तसं करतो."

बुवांनी त्याचं मनगट सोडलं.

"मी कसं सांगू? व्याख्यान तुझं आहे."