कोपऱ्यातला लाल ठिपका

"मग खरा सिंथेसायझर घेऊ, की लॅपटॉपवरच भागवू? एवढं एकच सांगा, मास्तर. बाकी काही नको."

दस्तगीर मास्तरांनी चहा विचारला.

रणधीर मनातल्या मनात चरफडला. म्हाताऱ्यांचं हे असंच. प्रश्न विचारावा, तर चहा विचारतात.

"चहा झालाय. उत्तर द्या."

"एवढी घाई?"

"रविवारी प्रयोग आहे."

कॉलेज त्याने दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं, पण कॉलेजची एकांकिका त्याला सोडत नव्हती. शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर कुणीच नसतं. एक रिकामी खुर्ची आणि एक आवाज. तो आवाज रणधीरने द्यायचा होता. लॅपटॉपमध्ये हजारो वाद्यं भरलेली, आणि दिवाळीपासून एक सूर जागेवर बसत नव्हता. दिग्दर्शन करणारी मृण्मयी काल तोंडावर म्हणाली होती, "तुझं होत नसेल, तर आम्ही नेटवरचं काहीतरी लावतो."

जाणत्यांना विचारून झालं होतं. संगीताचे सर म्हणाले, लॅपटॉपात आत्मा नसतो. दुकानदार म्हणाला, आत्मा वरच्या शेल्फात आहे, काढू का? एका रेकॉर्डिस्ट काकांनी तासभर स्वतःच्याच आठवणी ऐकवल्या. यांच्यातल्या एकानेही कित्येक वर्षांत नवी चाल बांधलेली नव्हती. पण बोलण्यातला थाट असा, की जणू षड्ज यांच्याच घरी जन्मला.

उरले होते दस्तगीर मास्तर. एके काळी ते ऑर्केस्ट्रात सिंथ वाजवायचे. आता गारगोटीच्या पुढं, माळावर, पत्र्याच्या खोलीत एकटेच राहत. गाव त्यांना अर्धा फकीर म्हणायचं. उरलेला अर्धा काय, ते कुणी सांगत नसे.

मास्तरांनी टेबलावरच्या सिंथचं फडकं काढलं.

"बस याच्यापुढं."

रणधीरने सिंथ चालू केला, पट्टी दाबली. डास कानाशी यावा तशी सपाट पिरपिर. त्याने आवाजांची यादी शोधली. रिकामी.

"यात तर काहीच नाही."

"नाही."

"बिघडलाय?"

"आतला सेल संपलाय. बंद केला की सगळं विसरतो."

"मग बदला की! नाण्याएवढा तर असतो."

"कशाला?"

मास्तर भिंतीला टेकले. आता प्रवचन येणार, हे रणधीरने ओळखलं. आलंच.

"साठवलेलं शिळं होतं, बाळा. यंत्र विसरतं, म्हणून हात लक्षात ठेवतो. रोज कोरं, रोज नवं. धरून ठेवणाऱ्याजवळ नुसती मूठ उरते."

वाक्य वापरून वापरून गुळगुळीत झालेलं होतं. आजवर किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

तरी रणधीर बसला. दुसरं करणार काय?

आधी रागाने बटणं फिरवली. मग रागाचा विसर पडला. लॅपटॉपवर तो आवाज निवडत असे. इथे निवडायला काही नव्हतंच. करावा लागत होता. पिरपिर जाडी झाली, मग मऊ झाली, मग तिच्या शेवटाला एक लांबट सावली आली. ऊन दारातून आत सरकलं.

आणि आवाज आला. कुणीतरी विहिरीत वाकून हाक मारावी आणि उत्तरासाठी थांबावं, तसा.

रणधीरच्या अंगावर काटा आला.

"मास्तर! हाच! हाच तो..."

वीज गेली.

टेबलफॅन गरगरत थांबला. सिंथ मुका झाला.

"...गेला?"

"गेला."

"तुम्हाला ठाऊक होतं वीज जाणार ते!"

"मंगळवारी जातेच. नेम आहे तिचा." मास्तर खुदूखुदू हसत होते. "रडतोस काय लेका? परत कर."

रणधीरच्या तोंडात एक अस्सल कोल्हापुरी शिवी तयार झाली. ती बाहेर पडणार, तेवढ्यात त्याला कोपरा दिसला.

तिथे गोधडीखाली काहीतरी झाकलेलं होतं. गोधडीच्या भोकातून एक लाल ठिपका पेटलेला दिसत होता. शेजारी इन्व्हर्टर घरघरत होता.

"ते काय आहे?"

मास्तरांचं हसू थांबलं.

"काही नाही. जुना सिंथ."

"चालू आहे."

मास्तर पुढे होऊन गोधडी सारखी करू लागले.

"पंखा बंद. दिवा बंद. तुम्ही घामाघूम. आणि इन्व्हर्टर फक्त त्याला?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? त्याचाही सेल संपलाय ना?"

या खेपेला मास्तरांनी चहासुद्धा विचारला नाही.

"माझ्या मास्तरांचा आहे तो," ते शेवटी म्हणाले. "अँथनी मास्तरांचा. जायच्या आधी, अंथरुणावर बसून, त्यांनी त्यात एक आवाज बांधला. बंद केला तर जाईल. सेल बदलायला उघडला, तरी जाईल."

"मग वाजवता कधी?"

"नाही."

"का?"

"धक्का लागला, एखादं बटण इकडचं तिकडं झालं, तर?"

"म्हणजे एकदाही..."

"पोरगी पुण्याला दिलीय," मास्तर लाल ठिपक्याकडे बघत म्हणाले. "नातवाचं तोंड फोटोत पाहिलंय. रात्रभर घर सोडलं, आणि इकडे इन्व्हर्टर दमला, तर?"

चांगल्या वळणाचा पोरगा इथे थांबला असता. रणधीरला वळण नव्हतं, हे त्याच्या घरचेच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"मला म्हणता, धरून ठेवू नको. आणि स्वतः? मास्तर, तुम्ही वाजवणारे नाही राहिलात. वॉचमन झालात. मुठीचं ते वाक्य स्वतःला कधी ऐकवलंत का?"

बाहेर माळावर टिटवी ओरडली. परत ओरडली.

मास्तर उठले. गोधडीची एक एक घडी करत ती त्यांनी बाजूला ठेवली. सिंथपुढे बसले.

"थांबा!" रणधीरने झटक्यात लॅपटॉप उघडला. आता घाबरायची पाळी त्याची होती. "याची बॅटरी आहे. मी रेकॉर्ड करतो. कायमचा राहील."

"तुझ्या त्या डब्यात किती आवाज आहेत?"

"...हजारो."

"आठवतात किती?"

रणधीरने लॅपटॉप हळूच मिटला.

मास्तरांनी पट्टी दाबली.

फार थोर काही नव्हतं. घोगरा, थोडा हसरा आवाज. पेटीच्या भात्यातून उरलेली हवा सुटावी तसा. मास्तर नुसतेच ऐकत राहिले. मग त्या आवाजात त्यांनी एक चाल वाजवली. वरातीतली, अगदी थिल्लर, नाचरी. रणधीरला हसू फुटलं. मास्तरांनाही.

"असंच होतं म्हातारं," ते म्हणाले. "मरतानासुद्धा वरात."

चाल संपली. शेवटचा सूर विरेपर्यंत ते थांबले. मग बोट मागच्या बटणावर गेलं...

लाल ठिपका विझला.

रणधीरने श्वास रोखून धरला होता. काही कोसळलं नाही. पत्रा जागच्या जागी होता.

मास्तरांनी इन्व्हर्टरची वायर सिंथमधून उपसली आणि टेबलफॅनला जोडली. पाती फिरली. त्यांनी वाऱ्यापुढे तोंड धरलं, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, डोळे मिटले.

"या अल्लाह," ते पुटपुटले. "किती गार..."

त्या वाऱ्यात बसून रणधीरने पुन्हा लॅपटॉप उघडला. यादीकडे गेलाच नाही. एक कोरं वाद्य घेतलं. तीच डासाची पिरपिर. ती जाडी केली. मऊ केली. हातांना वाट ठाऊक होती. शेवटाला सावली जोडताना मात्र हात अडला, आणि त्याने ती जरा जास्तच लांबवली.

विहिरीतली हाक आली. मघापेक्षा खोल.

मास्तरांनी डोळे न उघडताच मान हलवली. "मघाचा नाही हा."

"नाही."

"हा थांबतो चांगला."

रणधीरला पहिल्यांदाच कळलं, की रविवारी त्या रिकाम्या खुर्चीत कोण बसलेलं असणार: हाक मारून उत्तरासाठी थांबलेलं कुणीतरी. दिवाळीपासून छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून माळावर भिरकावून द्यावा, तसं त्याला झालं. त्याने मृण्मयीला फोन लावला.

"नेटवरचं काही लावू नकोस," एवढंच बोलून ठेवला.

वळून पाहतो, तर मास्तर पिशवीत कपडे कोंबत होते.

"पुण्याची एसटी अजून गारगोटीवरनंच सुटते का रं?"

"सुटते. मीही येतो स्टँडपर्यंत."

दोघे दाराशी आले. कुलूप सापडेना. इतक्या वर्षांत ते लागलंच नव्हतं. मास्तर फळीवर हात फिरवत शोधत राहिले, स्वतःशीच हसत.

"मास्तर," रणधीर म्हणाला, "माझा प्रश्न राहिलाच. सिंथ घेऊ, की लॅपटॉपवरच भागवू?"

कुलूप सापडलं. मास्तरांनी ते फुंकरून साफ केलं, कडीत अडकवलं, आणि एकदा ओढून पाहिलं.

"जो बंद करून घराबाहेर पडता येईल, तो घे."