बाभळीवरचे अर्धे खोपे

माणसाने अजून विहीर खणली नव्हती, तेव्हाची गोष्ट. रानात वस्ती वाढावी म्हणून एक ठराव झाला होता: जो खोपा विणायला घेईल, त्याला सगळ्यांच्या साठ्यातून बाजरी द्यायची. पिवळोबा नावाच्या सुगरण पक्ष्याने अख्खी बाभळ खोप्यांनी भरून टाकली. पण सगळे खोपे अर्धे! बाजरी मिळाली की स्वारी पुढच्या खोप्याकडे.

साळुंकी रानाची नवी कारभारीण झाली. साठा आटल्याने खारीची पिलं उपाशी झोपतात, हे तिला पाहवेना. तिने एकेका खोप्यात डोकावून पाहिलं आणि फांदीवरूनच कडाडली, "एकातही अंडं नाही! आजपासून बाजरी बंद!"

"मग मी चाललो पलीकडच्या रानात," पिवळोबा फुगून म्हणाला. "ओसाड पडेल तुमचं रान!"

रान ओसाड पडण्याची भीती साळुंकीलाही होती. तरी ती म्हणाली, "खुशाल जा."

तो गेला. बाभळीवर जागा झाली, तशा इतके दिवस ताटकळलेल्या सुगरणींच्या जोड्या आल्या. त्यांनी अर्धे खोपे उसकटले आणि बाजरीचा दाणाही न मागता नवे, पुरे खोपे विणले. खारीची पिलंही गुबगुबीत झाली.

आता पिलांच्या चिवचिवाटात साळुंकीचा दुपारी डोळा लागत नाही. कूस बदलत ती खुशीत पुटपुटते, "ओसाड रानात गोंगाट फार, बाई!"