एका पायावरची इच्छा

डोंगराच्या कडेला एक मोठ्ठी बाग होती आणि त्या बागेत एक छोटीशी शेवंता राहायची. फुलातली शेवंता नव्हे हं, पोरगी! सात वर्षांची, दोन वेण्यांची. एका वेणीला लाल रिबीन, दुसरीला हिरवी, कारण एका रंगाच्या दोन कधी मिळाल्याच नाहीत. लाल रिबीन आईनं जाताना बांधली होती.

आई दूर शहरात गेली होती, कुणाच्या तरी घरी त्यांचं बाळ सांभाळायला. तिनं शेवंताला आपल्या थोरल्या बहिणीकडे, गोदामावशीकडे ठेवलं होतं. गोदामावशी बागेत माळीणकाम करायची. हात सारखे चालू, तोंड मात्र बंद. "जेव." "पाय धू." "नीज आता." झालं! एवढ्यावर सात वर्षांच्या पोरीनं दिवस काढायचा तरी कसा? शेवंताला फार फार एकटं वाटायचं. मग ती पायरीवर डोळे मिटून बसायची. डोळे मिटले की आई दिसायची.

रोज सकाळी बागेतल्या हिरवळीवर गावातली मुलं योगासनं शिकायला यायची. निळ्या, जांभळ्या, केशरी चटया पसरल्या की हिरवळ नुसती खुलून यायची. शेवंता कोरांटीच्या कुंपणाआडून बघायची. तिला कुणी ये म्हटलं नाही आणि तीही आपणहून गेली नाही. मुलं घरी गेली की ती तळ्याकाठी गोणपाट अंथरायची आणि एकटीच आसनं करून बघायची.

तिचं आवडतं आसन म्हणजे वृक्षासन. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला टेकवायचा, हात जोडून वर न्यायचे की झालं झाड! पण हात वर गेले की आपली शेवंता डोळे मिटायची. आई दिसायची, आणि लगेच धप्प!

एक दिवस ती अशी पडली ती थेट तळ्याच्या काठावर. बघते तर काय, पाण्यात काहीतरी पिवळं पिवळं फडफडतंय. "अगंबाई, फुलपाखरू बुडतंय!" काठी शोधायलाही वेळ नव्हता. शेवंतानं झटकन लाल रिबीन सोडली, पोटावर पालथी पडली आणि रिबिनीचं टोक पाण्यात सोडलं. फुलपाखरानं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

हातांनी? शेवंता बघतच राहिली. ते फुलपाखरू नव्हतंच. ती होती करंगळीएवढी परी! पिवळाधमक झगा, दवाचे चमचमते डूल आणि इवलीशी पावलं.

"माझं नाव सोनकी," पंख झटकत परी म्हणाली. "तू तुझी आवडती रिबीन भिजवलीस माझ्यासाठी. माग, एक इच्छा माग. पण माझे नियम आहेत हं. एका पायावर उभं राहून मागायचं. बोलणं पुरं होईपर्यंत पाय टेकायचा नाही. आणि जे डोळ्यांसमोर असेल, त्याच्यासाठीच मागायचं."

शेवंता टुणकन उभी राहिली. डोळे मिटले. "माझी आई..." धप्प!

"डोळे मिटलेस की झाड डुलतं," परी हळूच म्हणाली. "उघडे ठेव ना गं."

"उघडले की आई दिसत नाही," शेवंता म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "मला आईच हवीय."

परीनं तिच्या गालावर इवलासा हात ठेवला. "दूरचं आणणं माझ्या हातात नाही, बाळा. मला खूप वाईट वाटतं. मी अजून दोन सकाळी आहे. पुन्हा करून बघ. पडलीस तरी चालेल, पडताना पाय शिकत असतो."

दुसऱ्या दिवशी शेवंतानं युक्ती केली. डोळे टक्क उघडे ठेवले, पण नजर लावली फाटकावर. आई फाटकातून आली की लगेच मागायचं! पण मन काय फाटकाशी थांबतंय? ते धावलं एसटी स्टँडवर, चढलं गाडीत, निघालं शहरात. धप्प!

"पाय इथे आणि तू कुठे?" परी हसली. मग तिनं शेवंताच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घातली.

तिसरी सकाळ उजाडली. शेवंताला वाटत होतं, आता परीही जाणार, मग पुन्हा मी एकटीच. तिनं एक पाय उचलला. नजर टेकवायला काहीतरी हवं होतं. समोर गुलाबाच्या वाफ्यात गोदामावशी खुरपत होती. शेवंतानं तिच्याकडेच बघायला सुरुवात केली.

मावशीच्या टाचांना भेगा होत्या. पदराला चिखल लागला होता. आणि मावशीचे ओठ हलत होते! ती एकेका रोपाशी थांबून बोलत होती. "तू गं माझी बाय, ऊन लागतंय व्हय? आन् तू रं, का रुसलास?" केवढं बोलत होती मावशी! शेवंताच्या मनात आलं, मावशीलाही कुणीच नाहीये, झाडं सोडून. तीन महिने मी हिच्या घरात राहतेय आणि मला हे दिसलंच नाही.

तिचा पाय जमिनीत रोवल्यासारखा उभा होता.

"माझ्या मावशीला," शेवंता सावकाश, स्पष्ट म्हणाली, "बोलायला कुणीतरी मिळू दे."

"दिलं!" सोनकी टाळ्या वाजवत म्हणाली. तिच्या पंखांतून सोनेरी उजेड सांडला, गोणपाटावर, तळ्यावर, शेवंताच्या दोन्ही वेण्यांवर. उजेड वाढत वाढत गेला आणि त्यातच परी विरून गेली. शेवंताच्या पायाभोवती पिवळ्या सोनकीच्या फुलांचं एक गोल रिंगण तेवढं उरलं.

मावशीनं मान वर केली. खुरपं तिच्या हातातच राहिलं.

"आगं, तुजी आई बी अश्शीच उभी ऱ्हायाची!"

शेवंताचा पाय टेकला. "माझी आई?"

"तर! परसात, चिंचंखाली, एका पायावर. किती हाका मारल्या तरी हलायची न्हाई. म्हनायची, ताई, मला झाड व्हायचंय."

"मग?"

"मग काय? मुंगी चावली, आन् झाड आलं रडत माज्याकडं!"

दोघी खो खो हसल्या. मावशीला इतकं मोठ्यानं हसताना शेवंतानं पहिल्यांदाच पाहिलं. आई अजून शहरातच होती आणि ती ज्या दिवाळीला येणार, ती लांब होती. पण शेवंतानं गोणपाटावर सरकून जागा केली.

"मावशी, बस ना. आणखी सांग."

मावशी हात पुसत आली, शेजारी बसली आणि सांगू लागली. शेवंताला आई दिसत होती, चिंचेखाली उभी असलेली, आणि डोळे तर टक्क उघडे होते.