हजारदा बसलेला झिपऱ्या

ही कथा मी गेल्या मार्गशीर्षातील दुसऱ्या गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास, सदाव्रते यांच्या मांजरीकडून ऐकली. चित्रीकरणाच्या वेळी ती फ्रिजवर बसून होती. त्यामुळे तिची साक्ष मी ग्राह्य धरतो.

फार पूर्वी, म्हणजे मांजरीच्या गणनेनुसार तीन वेतांमागे, सदाव्रत्यांचा कुत्रा झिपऱ्या भुंकणे थांबवीना. म्हणून बिघडलेले कुत्रे सुधारणाऱ्या टीव्ही-कार्यक्रमाचे प्रशिक्षक कॅमेऱ्यासह घरी आले. त्या दिवशी सुधारणा झाली नाही, तर झिपऱ्याची रवानगी गोदामाच्या राखणीला, कायमच्या साखळीला ठरली होती.

“हजारदा ‘बस’ म्हणतो, पण ऐकतच नाही हो!” धैर्यशीलराव सदाव्रते म्हणाले.

“हजारदा बसलो की!” झिपऱ्या मांजरीकडे पाहून म्हणाला. “आता काय झोपू?” आणि बसूनच भुंकू लागला.

“साहेब, तो बसलेलाच आहे,” प्रशिक्षक म्हणाले. “भुंकणे थांबवायचे तर ‘गप्प’ म्हणा.”

“गप्प!” धैर्यशीलराव ओरडले.

तत्क्षणी त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई, आई आणि दोन्ही मुली गप्प झाल्या. झिपऱ्या तेवढा भुंकत राहिला. तो शब्द आपल्यासाठी नाही, हे त्याला पिल्लू असल्यापासून ठाऊक होते.

धैर्यशीलरावांनी साखळी उचलली. झिपऱ्या घाबरून उभा राहिला.

“बस!” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “तो कुठेही जाणार नाही.”

झिपऱ्या आणि धैर्यशीलराव, दोघेही मुकाट्याने खाली बसले. त्यांपैकी आधी कोण बसले, हे मात्र मांजरीला आठवत नाही. प्रसारित भागातून तो प्रसंग वगळलेला असल्याने मलाही त्याची खात्री करून घेता आली नाही.